काळाचे राखणदार

लीलावतीची गोष्ट लहानपणी ऐकली नाही असा माणूस आपल्याकडे विरळा. भास्कराचार्यांनी कन्येच्या विवाहाचा मुहूर्त साधण्यासाठी पाण्यावर घटिकापात्र सोडले. मुलगी कुतूहलाने त्यात डोकावली, तिच्या अलंकारातला एक मोती निसटला आणि नेमका पात्राच्या तळाच्या छिद्रावर जाऊन बसला. पाणी आत येईना, पात्र बुडेना. सारे वऱ्हाड पात्राकडे डोळे लावून बसले असता मुहूर्त मात्र केव्हाच टळून गेला. पुढे मुलीचे दुःख हलके व्हावे म्हणून पित्याने तिच्या नावाचा गणितग्रंथ रचला, असे ही कथा सांगते.

इतिहासाच्या कसोटीवर ही कथा टिकत नाही. भास्कराचार्यांचा ‘सिद्धांतशिरोमणि’ शके १०७२ चा, म्हणजे इ. स. ११५० चा, आणि ही कथा आपल्याला भेटते ती अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ साली केलेल्या ‘लीलावती’च्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेत. मध्ये चारशेहून अधिक वर्षे गेली. तेव्हा ही दंतकथाच म्हणायची. पण दंतकथेच्याही पोटी अनुभवाचा एखादा कण असतो. इथला कण असा की, घड्याळ थांबले म्हणून काळ थांबत नाही. तो गेला हे फक्त आपल्याला कळत नाही. आणि घड्याळ थांबायला डोंगर कोसळावा लागत नाही. ज्वारीच्या दाण्याएवढा मोती पुरतो.

या लेखाचा विषय असाच एक लहानसा पदार्थ आहे. लॅपटॉपच्या पोटात, त्याच्या मोठ्या बॅटरीपासून अगदी वेगळा, रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो. लॅपटॉप बंद असताना आतले घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. पाच, सात, फार तर दहा वर्षांनी तो संपतो आणि बदलावा लागतो. दिवाळी अंकात लिहिण्याजोगा हा काय विषय झाला, असे कोणी म्हणेल. त्यावर माझे उत्तर एवढेच की, वेळ राखण्याचे काम आपल्या समाजात कोणी कोणी केले याचा माग काढत गेलो, तर त्या परंपरेतला शेवटचा गडी हाच निघतो. मी काही यंत्रविद्येचा पदवीधर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, कादंबऱ्या लिहिणारा एक शाळामास्तर आहे. तेव्हा यंत्राकडे मी इतिहासाच्या वाटेनेच जाणार.

घटिकापात्र म्हणजे तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी. पाण्याने भरलेल्या घंगाळात ती सोडायची. पाणी हळूहळू आत चढते आणि वाटी बुडते. तिला बुडायला लागणारा वेळ म्हणजे एक घटका, आपल्या आजच्या हिशेबाने चोवीस मिनिटे. अशा साठ घटकांचा एक अहोरात्र. एका घटकेची साठ पळे. लग्नमंडपात हे घंगाळ मांडण्याची चाल कितीतरी पिढ्यांनी पाहिली. भाषेत तर ते अजून भरलेलेच आहे. ‘घटका भरली’, ‘घटकाभर टेका’, ‘पळभर थांबा’ असे आपण रोज म्हणतो. आपण ज्याला ‘तास’ म्हणतो त्या शब्दाचाही, टोले देण्याची धातूची थाळी असा अर्थ जुन्या कोशांत मिळतो.

पण वाटी आपणहून काही सांगत नाही. ती बुडाली की बाहेर काढायची, रिकामी करायची, लगेच पुन्हा सोडायची, आणि कितवी घटका झाली ते ध्यानात ठेवायचे. म्हणजे वाटीपाशी जागा असलेला माणूस हवा. बाबराने आपल्या आठवणींत हिंदुस्थानातील या माणसांची मोठी मार्मिक नोंद केली आहे. शहरोशहरी घडियाली नेमलेले असतात. वाटी भरली की ते उंच टांगलेल्या जाड पितळी थाळीवर टोले देतात, असे तो सांगतो. त्या पद्धतीत त्याला एक उणीव दिसली. रात्री मध्येच जाग आली आणि तीन किंवा चार टोले कानी पडले, तरी ते कोणत्या प्रहराचे हे कळत नाही. म्हणून त्याने हुकूम केला की, रात्री घटकांचे टोले दिल्यावर थोडे थांबून प्रहराची खूणही वाजवावी.

बाबराची ही अडचण वाचकांनी ध्यानात ठेवावी; पुढे तिचे काम पडणार आहे. किती घटका गेल्या हे मोजणे ही एक गोष्ट, आणि त्या कुठून मोजायच्या हे आठवणे ही दुसरी. मोजणारा पुष्कळदा मिळतो. आठवणारा मिळणे कठीण.

आता आमच्या हातकणंगल्याकडे येऊ. रेल्वे येण्यापूर्वी इथल्या शेतकऱ्याला मिनिटांची गरज नव्हती. दिवस कासराभर वर आला की औत जुंपायचे, सावली पायाखाली आली की न्याहारीचे गाठोडे सोडायचे, शुक्राची चांदणी पाहून मोटेला उठायचे. त्या घड्याळाला किल्ली नव्हती आणि ते कधी दुरुस्तीलाही जात नव्हते. १८९१ साली मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला. या भागात मिनिटामिनिटाची वेळ आली ती या लोहमार्गावरून, स्टेशनातल्या घड्याळात बसून.

पण ती वेळ हातकणंगल्याची नव्हती. त्या काळी हिंदुस्थानातील रेल्वेगाड्या मद्रासच्या वेळेने धावत. मुंबई आणि कलकत्ता या दोन टोकांना साधारण मधली म्हणून मद्रासची वेळ रेल्वेने पत्करली होती. हातकणंगले रेखांश ७४.४ अंशांच्या आसपास, मद्रास ८०.२५ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटे धरली, तर स्टेशनचे घड्याळ गावच्या सूर्यापेक्षा सुमारे तेवीस मिनिटे पुढे. सूर्य पाहून घरून निघालेला माणूस स्टेशनात पोचावा आणि गाडीचा धूर रुकडीच्या बाजूला दिसावा, असा हा फरक. सूर्य खोटा नव्हता आणि घड्याळही खोटे नव्हते. दोघे दोन वेगळ्या मालकांचे चाकर होते, इतकेच.

१ जानेवारी १९०६ पासून सरकारने साडेब्याऐंशी रेखांशाची एक प्रमाणवेळ देशाला लावली. मद्रासची वेळ आणखी नऊ मिनिटे पुढे गेली, आणि हातकणंगल्याचा सूर्य घड्याळाच्या बत्तीस मिनिटे मागे पडला. तो आजही तेवढाच मागे आहे. वर्षाची सरासरी काढली तर आमच्या गावात खरी दुपार होते ती बारा वाजून बत्तीस मिनिटांनी. मुंबईकरांनी मात्र ही नवी वेळ निमूटपणे घेतली नाही. त्यांच्या जुन्या वेळेत आणि नव्या वेळेत एकूणचाळीस मिनिटांचा फरक पडत होता. गिरणीकामगारांना एकाएकी एकूणचाळीस मिनिटे आधी कामावर हजर व्हावे लागणार होते. १९०६ च्या जानेवारीत कामगारांनी निषेध केला, सभा झाल्या, वर्तमानपत्रांतून कडाक्याचे वाद झाले. मुंबई महापालिकेने आपल्या घड्याळांत मुंबईची वेळच चालू ठेवली, आणि स्वातंत्र्य मिळाल्यावरही काही वर्षे हा दुहेरी कारभार चालला. एका शहरात दोन वेळा! भेट ठरवताना ‘मुंबई टाइम की स्टँडर्ड टाइम?’ असे विचारून घ्यावे लागे.

त्याच १९०६ साली कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी कापडगिरणी काढली, आणि तिच्या भोंग्यावर कोल्हापूरकरांची घरे जागी होऊ लागली, डबे भरू लागली. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात, सरकारने देशातील सगळी घड्याळे एक तास पुढे केली. आमच्या घरच्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात ‘लढाईचा टाइम’ असा शब्द येई. त्या टाइमाने आमचा सूर्य दीड तासाहून अधिक मागे पडला होता. अर्थात ऊस आणि जोंधळा यांना या हुकमाची खबर नव्हती.

हा सारा इतिहास वाचताना वाटते की वेळ ही सत्तेची वस्तू आहे. ज्याच्या हाती राज्य, त्याच्या हाती घड्याळ. ते खरेच आहे. पण ते अर्धे खरे आहे. वेळ ठरवणारा लांब असतो. ती राखणारा जवळ असावा लागतो. हुकूम सिमल्याहून सुटो की मद्रासहून येवो, स्टेशनातल्या घड्याळाला किल्ली देणारा माणूस हातकणंगल्यातच राहणार. त्याने किल्ली दिली नाही तर सरकारचा हुकूम भिंतीवर मुकाट लटकत राहायचा. इतिहासाच्या पुस्तकात हुकूम काढणाऱ्याचे नाव असते. किल्ली देणाऱ्याचे नसते.

ही किल्ली पुढे घराघरांत आली. १९६१ साली बंगळूरला एच. एम. टी. ची मनगटी घड्याळे तयार होऊ लागली. मॅट्रिक पास झाल्याबद्दल किंवा लग्नात जावयाला घड्याळ देण्याची रीत आमच्या भागात रुळली ती त्यानंतर. सकाळी तोंड धुतल्यावर घड्याळाला किल्ली द्यायची आणि रेडिओवरच्या बातम्यांआधीच्या टिक्-टिक् ठोक्यांवर काटे जुळवायचे, हा घरातल्या कर्त्या माणसाचा नेम असे. शाळेत शिपाई घड्याळ पाहून रुळाच्या तुकड्यावर टोले देई. आमच्या कित्येक शाळांत घंटा म्हणून रेल्वेच्या रुळाचाच तुकडा टांगलेला असे. रेल्वेने गावाला वेळ दिली आणि ती वाजवायला लोखंडही दिले!

मग किल्ली गेली आणि तिच्या जागी सेल आला. त्यामागची विद्या थोडक्यात सांगतो. १८८० साली झाक आणि पिएर क्यूरी या फ्रेंच बंधूंना आढळले की, स्फटिकाच्या काही जातींवर दाब दिला की त्यांत वीज उत्पन्न होते. उलट, वीज दिली तर स्फटिक थरथरतो, हेही लवकरच कळले. ही थरथर अत्यंत नियमित असते. १९२७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत वॉरन मॅरिसनने या थरथरीवर चालणारे पहिले घड्याळ उभे केले. ते खोलीत मावणारे होते, मनगटावर मावणारे नव्हते. जपानच्या सेइको कंपनीने स्फटिकाचे पहिले मनगटी घड्याळ बाजारात आणले ते १९६९ च्या डिसेंबरात.

आजच्या बहुतेक घड्याळांतला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा विचित्र आकडा का घेतला, असे मी मुलांना विचारतो आणि फळ्यावर त्याला दोनाने भागत न्यायला सांगतो. पंधरा वेळा निम्मे केले की बरोबर एक उरतो. घड्याळातली चिप हेच करते. निम्मे, त्याचे निम्मे, त्याचे निम्मे, असे पंधरा वेळा. आणि शेवटी दर सेकंदाला एक ठोका. भास्कराचार्यांच्या वर्गात हे गणित कोणी मांडले असते तर गुरुजी खूश झाले असते. असे घड्याळ महिन्याकाठी फार तर मिनिटभर चुकते.

संगणकात हे घड्याळ पहिल्यापासून होते असे मात्र नाही. १९८१ साली आय. बी. एम. ने घरगुती वापराचा संगणक विकायला काढला, तेव्हा वीज बंद केली की तो सारे विसरत असे. चालू करताक्षणी तो मालकाला विचारी : आज तारीख काय? वाजले किती? मालकाने टंकून सांगितले म्हणजे त्याचा दिवस सुरू व्हायचा. १९८४ च्या त्याच कंपनीच्या पुढल्या यंत्रात घड्याळाची वेगळी चिप आली आणि तिच्या सोबतीला स्वतंत्र सेल आला. सेकंद, मिनिट, तास, वार, तारीख, महिना आणि वर्ष अशी सात खाती त्या चिपमध्ये असतात. सगळे यंत्र झोपले तरी सेलच्या जोरावर ही सात खाती चालू राहतात. त्या चिपने वर्षाचे शेवटचे दोनच आकडे ठेवले होते. २००० साल उजाडताना जगाने जी धास्ती घेतली तिला ही जुनी काटकसरही कारण होती.

आपल्याकडे पिकाच्या राखणीला ‘जागल’ म्हणतात. रात्री माळ्यावर बसून जागायचे, डुकरे हाकलायची आणि सकाळी घरच्यांच्या हाती पीक जसेच्या तसे द्यायचे. हा सेल म्हणजे लॅपटॉपच्या रानातला जागल करणारा गडी. लॅपटॉप चालू असताना घड्याळाला वीज मोठ्या बॅटरीतून मिळते. ती उतरली, चार्जर काढून ठेवला, मे महिन्याची सुट्टी लागली, की सारे ओझे याच्यावर. तीन व्होल्टचा, बहुधा ‘सीआर २०३२’ जातीचा : वीस मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा. ‘२०३२’ हा आकडा म्हणजे दुसरे काही नसून हीच दोन मापे. त्याला सालाचा आकडा समजून, सेल २०३२ पर्यंत चालेल असे सांगणारे मी ऐकले आहेत.

आमच्या शाळेतला लॅपटॉप बारा वर्षांचा. त्याचा सेल गेला तो अशाच एका सुट्टीत. जूनमध्ये उघडला तर पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आणि तारीख १ जानेवारी २००९. गंमत अशी की, चालू केल्यावर तो सेकंद अगदी चोख मोजत होता. फक्त ते कोणत्या वर्षातले हे त्याला ठाऊक नव्हते. बाबराची रात्रीची अडचण ती हीच. टोले ऐकू येतात. प्रहर कळत नाही.

वरवर पाहता ही क्षुल्लक गोष्ट. पण तो हंगाम शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचा होता. सरकारी संकेतस्थळ उघडेना. त्याचे कारण मला पुढे उमगले. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाकडे ओळखीचा एक दाखला असतो आणि त्या दाखल्याला तहसील कचेरीतल्या उत्पन्नाच्या दाखल्यासारखी मुदत असते : अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत. लॅपटॉप तो दाखला आपल्या घड्याळाशी ताडून पाहतो. २००९ साली बसलेल्या लॅपटॉपला वाटले, हा दाखला अजून लागूच व्हायचा आहे; तेव्हा समोरचा माणूस तोतया. त्याने दार लावून घेतले. आमच्याकडच्या एका तक्त्यात मुलांची वये आपोआप निघत. तिथे तर वजा आकडे दिसू लागले. २०१४-१५ साली जन्मलेली ती मुले त्या यंत्राच्या हिशेबी अजून जन्मायची होती. वर्गात पाय हलवीत समोर बसलेली, शेंबूड पुशीत माझ्याकडे पाहणारी मुले. आणि यंत्र म्हणते, ती नाहीतच.

संगणकाला वेळ जाळ्यावरून आपोआप मिळते, मग अडचण कसली, असे कोणी विचारील. मिळते खरी. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत सीझियम अणूंच्या घड्याळांवर भारताची प्रमाणवेळ राखली जाते, आणि तशा ठिकाणांहून ती जगभर पाझरत येते. पण फरक फारच मोठा असला तर कित्येक यंत्रे बाहेरची वेळ मानायलाच तयार नसतात. आणि जाळे नसले तर प्रश्नच मिटला. म्हणून महिनाभर मी रोज सकाळी, हजेरी घेण्याआधी, लॅपटॉपला हाताने तारीख सांगत असे. १९८१ सालच्या त्या मालकासारखा. मुलांची हजेरी मग घेई, आधी यंत्राची.

एका दुकानात नेऊन दाखवला. त्यांनी तो उघडलाही नाही. ‘जुना झालाय, बोर्ड गेला असणार, आता नवाच घ्या,’ असा निकाल मिळाला. नव्याची किंमत पंचवीस हजारांच्या पुढे. शाळेच्या तिजोरीत तेवढे पैसे कुठले? तेवढ्यात माझा एक जुना विद्यार्थी भेटला. दहावीनंतर तो मोबाइल दुरुस्तीचे काम शिकला आणि इचलकरंजीच्या वाटेवर त्याने टपरीवजा दुकान टाकले आहे. गणितात तो माझ्याकडे नेहमी काठावर पास होई. त्याने लॅपटॉप हातात घेतला, तारीख पाहिली आणि हसला.

‘‘गुरुजी, ह्येला काय सुदीक झालं न्हाई. नुस्ता सेल उतरलाय.’’

‘‘बोर्ड गेला म्हणाले की रे!’’

‘‘बोर्ड गेला आस्ता तर चालू तरी झाला आस्ता का ओ?’’

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि त्या दुकानदाराकडेही नसावे.

त्याने काय केले ते क्रमाने लिहून ठेवतो. कोणाच्या तरी उपयोगी पडेल. आधी आत काही कुलूपबंद साठा नाही ना, त्याची किल्ली कागदावर टिपून घेतली आहे ना, हे विचारले. कारण सेल काढल्यावर काही यंत्रे ती किल्ली मागतात. मग लॅपटॉप पुरता बंद केला, चार्जर काढला. लोखंडी कपाटाला हात लावून अंगातली वीज उतरवली. पालथा घालून स्क्रू काढले आणि ते एका कागदावर, लॅपटॉपची आकृती काढून, ज्याच्या त्याच्या जागी ठेवले. कारण लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी पिळला तर तो आतल्या पाटीला भोक पाडतो. जुन्या प्लॅस्टिकच्या कार्डाने कडेकडेने झाकण उचकटले. प्रथम मोठ्या बॅटरीची जोडणी सोडवली. एका कोपऱ्यात काळ्या प्लॅस्टिकच्या कातड्यात गुंडाळलेला, तांबडी आणि काळी अशा दोन वायरींचा तो सेल चिकटवलेला होता. मीटर लावला तर तीन व्होल्टच्या जागी जेमतेम सव्वा. त्याने जुन्या सेलवरची अक्षरे भिंगातून वाचली. मी विचारले, एवढे काय वाचतोस? तर म्हणाला, काही यंत्रांत पुन्हा चार्ज होणारा सेल असतो; तिथे साधा बसवला तर तो फुगतो, फुटतोही. त्याच जातीचा नवा, तसाच वायरींचा सेल बसवला. झाकण लावण्याआधी सुरू करून पाहिले, तारीख-वेळ घातली, बंद केले, दहा मिनिटे थांबलो, पुन्हा चालू केले. घड्याळ दहा मिनिटे पुढे गेले होते. सगळे मिळून अर्धा तास आणि शंभराच्या आतला खर्च. मजुरी तो घेईना. ती मी त्याच्या खिशात बळेच घातली. पंचवीस हजारांचा प्रश्न होता तो!

त्या दिवसापासून एक विचार मनात घर करून आहे. जुन्या काळी वेळ राखणारा डोळ्यांसमोर असे. घंगाळापाशी बसलेला माणूस दिसे, पितळी थाळीवरचा घडियाली दिसे, किल्ली देणारे वडील दिसत, रुळावर टोले देणारा शिपाई दिसे. त्याला डुलकी लागली तर लोक हलवून जागे करीत. तो थकला तर दुसरा बसवीत. घंगाळातल्या वाटीत मोती अडकला म्हणून कोणी लग्नमंडप मोडून टाकीत नसे. आज राखणदार झाकणाआड गेला आहे. तो आहे हेच आपल्याला माहीत नाही. म्हणून तो थकला की सारे घर मोडकळीला आले असे आपण समजतो. सांगणाऱ्याचेही त्यात नुकसान नसते, म्हणून तोही तसेच सांगतो. शंभर रुपयांच्या अज्ञानाची किंमत पंचवीस हजार होते, आणि ती ज्याच्याजवळ नसतात त्याची मुले अर्जाविना राहतात.

पुढे तर हे आणखी अवघड होण्याची चिन्हे आहेत. काही नव्या लॅपटॉपांत हा सेल डाख देऊन पक्का केलेला असतो, तर काहींत तो वेगळा नसतोच. घड्याळ मोठ्या बॅटरीवरच जगते, आणि ती बॅटरीही सहज निघेल अशी ठेवलेली नसते. जगात याविरुद्ध आवाज उठतो आहे. युरोपीय संघाने २०२३ साली बॅटरीविषयी नियम केला. उपकरणातली बॅटरी वापरणाऱ्यालाच काढता-घालता यावी, अशी अट २०२७ च्या फेब्रुवारीपासून लावण्याची तरतूद त्यात आहे. आपल्याकडे २०२२ च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नियम लांब होतात, हे आपण मद्रासच्या वेळेपासून पाहत आलो. ते राखायला जवळचे माणूस लागते. आमच्यापुरते ते माणूस म्हणजे टपरीवरचा तो काठावर पास झालेला मुलगा.

एक सूचना मात्र कळकळीची. हा सेल नाण्यासारखा गुळगुळीत आणि चकचकीत असतो, आणि लहान मुले तो तोंडात घालतात. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजून काढतो. वापरून संपलेलाही घातक ठरू शकतो. घरात सुटा ठेवू नये. मुलाने गिळल्याचा नुसता संशय आला तरी तडक मोठे रुग्णालय गाठावे. आणि संपलेला सेल उकिरड्यात न टाकता, दोन्ही तोंडांना चिकटपट्टी लावून, जिथे अशा वस्तू गोळा करतात तिथे द्यावा.

खंडेनवमीला आपण विळे-कोयते, तराजू, शिवणयंत्र यांना हळदकुंकू वाहतो. त्या पूजेचा अर्थ मी मुलांना असा सांगतो की, वर्षातून एकदा तरी हत्यार हातात घेऊन, उलटेपालटे करून, पुसून पाहावे. कुठे गंजले, कुठे झिजले ते कळावे. ज्याच्या पोटात काय आहे हे आपण कधी पाहिलेच नाही, त्या वस्तूचे आपण नुसते भाडेकरू असतो.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे जुने लॅपटॉप खाली येतात आणि पुष्कळदा बोहारणीच्या भांड्यांत किंवा भंगारवाल्याच्या काट्यावर जातात. यंदा कोणाच्या घरून असा एखादा निघाला, तर तो देण्यापूर्वी एकदा चार्जर लावून चालू करावा आणि कोपऱ्यातली तारीख वाचावी. ती दहा-पंधरा वर्षांपूर्वीची निघाली, तर यंत्र मेलेले नाही. त्याचा राखणदार फक्त झोपला आहे.